अक्कांची पंधरावी पायरी

चालू मशीनसमोर उभं राहायचं झालं की अक्का आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. मास्तरांनी वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारख्या. मान पुढे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि हात मागे. नव्या माणसाला वाटायचं, बाईंना कंबरदुखी असणार. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच दिवशी मी मोठ्या आपुलकीनं खुर्ची पुढे सरकवली, तर म्हणाल्या, "खुर्ची न्हको. तू बी हात मागं घे. आदी डोळं, मागनं हात."

मी डिप्लोमा करून आलेला. शाहूवाडीकडच्या आमच्या गावातला कॉम्प्युटर शिकलेला पहिला माणूस. गावात मला बघायला लोक यायचे म्हणा ना. आणि इथे एक टेलिफोन ऑपरेटर बाई मला हात मागे घ्यायला सांगत होती. मी घेतले, पण मनात म्हटलं, च्यायला, कुठे येऊन पडलो!

हे नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटाचं. आमचं हॉस्पिटल कोल्हापुरातलं, ट्रस्टचं. नावाशी तुम्हाला काही देणंघेणं नाही. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेलच, ज्याच्या खुर्चीवर पाटी एक असते आणि काम भलतंच असतं. अक्कांची पाटी 'टेलिफोन ऑपरेटर' अशी होती. कामाला मात्र अख्ख्या हॉस्पिटलचं नेटवर्क होतं. मी हाताखाली आलो तेव्हा पाटी बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि पुढेही आलं नाही.

अक्का मूळच्या निपाणीच्या पलीकडच्या. माहेरी कानडी, सासर मंगळवार पेठेत. सासरचं लोखंडी सामानाचं दुकान, खिळ्यापासून खोऱ्यापर्यंत. कपाळावर विभूतीची बोटं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि आवाज असा की तळमजल्यावरून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरचा पेशंट उठून बसावा. मला त्या 'तम्मा' म्हणायच्या. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. रागावल्या तरी तम्माच. स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलायच्या. आमच्याकडे बायका असंच बोलतात, पुण्यामुंबईच्या वाचकांनी दचकू नये.

कॉम्प्युटर यायच्या आधी कितीतरी वर्षं त्या टेलिफोन बोर्डावर बसत. समोर भोकांची पाटी, हातात पिना लावलेल्या वायरी. वॉर्डातल्या डॉक्टरांचा फोन आला की ही वायर त्या भोकात. कानाला लावलेल्या यंत्रात दोघांचंही बोलणं ऐकू यायचं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा रिपोर्ट वाईट आला, कुठल्या डॉक्टरांचं कुणाशी बिनसलं, सगळं. पण अक्कांच्या तोंडून त्यातलं एक अक्षर कधी बाहेर पडलं नाही. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाल्या, "ऐकू येतंय म्हणून ऐकायचं व्हय? जोडून दिलं की कान काढायचा. ती पयली शिस्त."

मग हॉस्पिटलात स्विच आला. स्विच म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर भिंतीवरचं बटण येईल. हा तसला नव्हे. चपटी पेटी, तिला चोवीस भोकं, प्रत्येक भोकात एक वायर आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला एक कॉम्प्युटर. कुणाचं बोलणं कुणाकडे पोचवायचं हे ती पेटी ठरवते. म्हणजे अक्कांचा टेलिफोन बोर्डच, फक्त बाई नसलेला. पेटी बसवायला आलेला इंजिनीयर दोन दिवसांत काम उरकून निघून गेला आणि जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक टेबलावर ठेवून गेला. टेबल टेलिफोन ऑपरेटरचं होतं. अक्कांनी ते पुस्तक जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात पेन्सिल. चार महिन्यांनी पुस्तकाच्या कडा कानडी अक्षरांनी भरल्या होत्या आणि हॉस्पिटलात ती पेटी कळणारं एकच माणूस होतं.

मी आलो तेव्हा मला त्यांनी त्या पेटीची पहिली गोष्ट शिकवली ती पायऱ्यांची. तुम्हालाही सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. पेटीशी बोलायचं ते काळ्या पडद्यावर टाईप करून. आधी नाव, मग पासवर्ड. ओळख पटली की पेटी एक चिन्ह दाखवते. बाणाचं टोक दिसलं तर तुम्ही पहिल्या पायरीवर. बघा, विचारा, बदलायचं काही नाही. चिन्ह फुली-गोळ्याच्या चौकटीसारखं दिसलं तर तुम्ही पंधराव्या पायरीवर. तिथे काहीही करा, भोकं बंद करा, उघडा, अख्खी पेटी पुसून टाका, कुणी अडवत नाही. मधल्या पायऱ्या रिकाम्या असतात. त्यांवर कुणाला काय मुभा द्यायची ते पंधराव्या पायरीवरच्यानं ठरवायचं.

"माझ्या सासूबाईंचंच हाय हे," अक्का म्हणाल्या. "लगीन झाल्यावर दुसऱ्या दिवशी मला देवघरात सोडलं. दुकानाच्या गल्ल्यावर सा महिन्यात बसवलं. पण लोणच्याच्या बरणीला हात लावायला चार वर्सं लागली बघ. मी म्हणायचो, गल्ल्यापरास बरणी मोठी व्हय? तर व्हय. एक ओला हात गेला की वर्साचं लोणचं नासतंय."

आणि मी काय म्हणालो माहीत आहे? "मग अक्का, मला बरणी कधी?"

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

खरं सांगतो, मला त्या पंधराव्या पायरीचं वेड लागलं होतं. पगार वाढला नसता, पाटी बदलली नसती. पण पडद्यावर बाणाच्या जागी ती चौकट आपल्या नावानं दिसावी, एवढंच वाटायचं. माझ्याबरोबर शिकलेली पोरं पुण्यात नोकरीला लागून सहा महिन्यांत पंधराव्या पायरीवर पोचली होती. फोनवर शायनिंग मारायची. आणि मी इथे हात मागे बांधून भोकांवरचे दिवे मोजत होतो.

मी कुरकुरलो की त्या म्हणायच्या, "शाहूवाडीची माणसं भातागत. जरा जाळ लागला की उतू जात्यात. मंद आचेवर ऱ्हा की जरा."

एकदा ट्रस्टमधले एक मोठे डॉक्टर खाली आमच्या तळघरातल्या खोलीत आले. नुकताच घरी कॉम्प्युटर घेतला होता, त्यामुळे अंगात वारं भरलेलं. म्हणाले, "बाई, नेटवर्कचा पासवर्ड मलाही हवा. मी ट्रस्टी आहे, उद्या तुम्ही रजेवर असलात तर?" ट्रस्टीला नाही कोण म्हणणार? अक्का म्हणाल्या, "देतो की साहेब. लगीच देतो." आणि खरंच त्यांच्या नावाचं खातं उघडून दिलं. पहिल्या पायरीचं. "यातनं तुमाला समदं दिसंल बघा." डॉक्टरांनी तिथेच बसून दहा मिनिटं दिवे, वायरी, आकडे बघितले, चहा घेतला आणि खूष होऊन वर गेले. पुढे कित्येक दिवस ते लोकांना सांगायचे, आमच्या हॉस्पिटलचं सगळं नेटवर्क मला माझ्या टेबलावरून दिसतं. खोटं नव्हतंच ते. दिसतच होतं.

तीन वर्षांनी मला पाचवी पायरी मिळाली. पाचव्या पायरीवर काय? तर कुठल्या भोकातून किती माहिती गेली ते मोजणारे आकडे पुसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायचे. बस्स. पण त्या दिवशी मी घरी पेढे नेले. बायकोनं विचारलं, "प्रमोशन?" म्हटलं, "तसंच काहीसं."

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो. वर्षानुवर्षं टाळत आलोय.

कोडोलीला आमचा एक लहान दवाखाना होता. तिथेही एक पेटी, भाड्याच्या टेलिफोन लाईननं कोल्हापूरशी जोडलेली. पेशंटचे केसपेपर आणि लॅबचे रिपोर्ट त्या लाईनवरून जायचे. एके दिवशी सकाळी तिथून फोन आला, सगळं हळू चाललंय. बहुतेक कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरून तो लाईन अडवत असणार. अक्कांनी इथूनच कोडोलीच्या पेटीत प्रवेश केला, पंधराव्या पायरीवरून, आणि हात मागे बांधून आकडे बघू लागल्या. तेवढ्यात वरून प्रशासकसाहेबांचं बोलावणं आलं. अक्का उठल्या. "हात लावू नगंस. मी आलोच."

समोर ती चौकट. माझ्या नावाची नव्हती, पण होती. आणि तिच्याखाली चोवीस भोकांचे आकडे. त्यातला चोवीस नंबरचा आकडा असा पळत होता की बाकीचे तेवीस झोपलेत असं वाटावं. मला दिसलं, हाच तो चोर! म्हटलं, अक्का येईपर्यंत काम तमाम करून ठेवू, त्या म्हणतील, शाब्बास तम्मा. मी चोवीस नंबरचं भोक बंद करण्याचा हुकूम टाईप केला आणि एन्टर दाबलं.

पडदा गोठला. कळ दाबतोय, अक्षर उमटत नाही.

तुमच्यातल्या जाणकारांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. चोवीस नंबरच्या भोकात कोल्हापूरची लाईन होती. सगळ्या दवाखान्याची ये-जा त्याच भोकातून, मग त्याचाच आकडा पळणार नाही तर कुणाचा? आणि मीही त्याच भोकातून तिथे पोचलो होतो. ज्या दोराला धरून विहिरीत उतरलो तोच वरून कापला. कोडोलीचा दवाखाना एका कळीसरशी तुटला आणि तो पुन्हा जोडायला इथून रस्ताच उरला नाही.

अक्का आल्या. पडदा बघितला, मला बघितलं.

"कितवं?"

"चोवीस."

मला वाटलं आता छप्पर उडतंय. पण त्यांचा आवाज उलट खाली आला. "चल," म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडंच हाय."

पेटी बंद करून पुन्हा चालू केली असती तर सगळं पूर्ववत झालं असतं, कारण मी केलेला बदल पेटीनं अजून कायमचा लिहून ठेवला नव्हता. पण ती कुलूपबंद कपाटात होती, कपाटातच बॅटरी होती, त्यामुळे तिथल्या माणसांनी मेन बंद करूनही उपयोग नव्हता. जाणं भाग होतं. अक्कांची लुना, मागे मी. वाटेत चढ लागला की मी उतरायचो आणि लुनामागनं पळायचो. उसाच्या शेतातली माणसं काम थांबवून बघत होती. एकानं विचारलंसुद्धा, "पावणं, बाई पळवून न्यायल्यात व्हय?" एरवी अक्कांनी त्याला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्यांनी फक्त लुनाचा कान पिळला.

दवाखान्यात ही गर्दी. केसपेपरची खिडकी बंद, डॉक्टर बाहेर येऊन ओरडतायत, पोरं रडतायत. अक्कांनी कपाट उघडलं, पेटी बंद केली, मनात दहा आकडे मोजले, पुन्हा चालू केली. दिवे आधी पिवळे, मग एकेक करत हिरवे झाले. सगळं मिळून तीन मिनिटांचं काम. पण आम्ही पोचेपर्यंत दीड तास गेला होता. एक म्हातारी वाडीची दुपारची गाडी चुकायला नको म्हणून न तपासताच निघून गेली होती. तिला छातीत दुखत होतं, असं कंपाउंडर म्हणाला. तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. विचारायचं धाडसच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रशासकसाहेबांनी दोघांना बोलावलं. निवृत्त मामलेदार, कागदावर असेल तेवढंच खरं मानणारे. त्यांच्यासमोर कागद होताच. कोण किती वाजता कुठल्या पेटीत शिरलं याची नोंद आपोआप व्हायची. ती सोय अक्कांनीच लावून ठेवली होती. कागदावर अक्कांचं नाव.

"कुणी केलं हे?" साहेब म्हणाले.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी अक्का म्हणाल्या, "माझ्या नावानं झालंय साहेब. म्हंजे माझंच."

मग मी तोंड मिटलं. वाचकहो, मी तुम्हाला काहीबाही कारणं सांगू शकतो. मुलगी लहान होती, नोकरी कायम व्हायची होती, घर भाड्याचं होतं. सगळी खरी आहेत. पण मी घाबरलो, एवढं एकच पुरे. अक्कांना लेखी ठपका मिळाला, त्यांच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. त्यांनी तो माझ्यासमोरच सही करून घेतला.

जिन्यात मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर दंडाला धरून उठवलं. "काय नाटकं करतोस? दार उघडं टाकून मी उठलो. उघड्या दारातनं मांजर शिरलं, दूध सांडलं, तर मांजराला ठपका देत्यात व्हय?"

"म्हणजे मी मांजर, अक्का?"

"मांजर बरं. ते निदान दूध पिऊन तरी जातंय."

आणि त्याच दुपारी त्यांनी माझी पाचवी पायरी काढून घेतली. पुन्हा पहिली. हात मागे, डोळे पुढे. आठ महिने! मी एका शब्दानं तक्रार केली नाही. आठ महिन्यांनी एकदा पेटीत शिरलो तर पाचवी परत आलेली. त्या दिवशी डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांनी अर्धी माझ्या भाकरीवर वाढली.

पुढे दोनेक वर्षांनी हॉस्पिटल वाढलं, पेट्या अकरा झाल्या आणि ट्रस्टनं ठरवलं, आता हे काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं. कंपनी आपली माणसं घेऊन येणार. टेलिफोन ऑपरेटरचं पद कधीच रद्द झालं होतं, अक्का वर्षावर्षाच्या करारावर होत्या. तो करार आता वाढणार नव्हता. मी तोवर कायम झालो होतो. कंपनीवर लक्ष ठेवायला हॉस्पिटलचा एक माणूस हवा म्हणून मला ठेवलं.

आता मजा अशी की पंधराव्या पायरीचा पासवर्ड अख्ख्या हॉस्पिटलात एकट्या अक्कांना ठाऊक. कॅन्टीनमध्ये चर्चा सुरू झाली. "बाई काय देत नाही बघ पासवर्ड." "द्यायचाच नाही! कंपनीला येऊ दे गुडघ्यावर." मलाही ते पटलं. मी अक्कांना गाठून म्हटलं, "अक्का, देऊ नका. तुमच्याशिवाय त्यांचं पान हलणार नाही. झक मारत करार वाढवतील."

अक्का भडकल्या. त्या मला एवढ्या भडकलेल्या कधीच दिसल्या नव्हत्या. "ते दवाखान्याचं हाय, माझ्या बापाचं न्हवं! उद्या एका बाळंतिणीचा रिपोर्ट अडला तर मी काय म्हणू? माझी नोकरी काढली म्हणून अडिवला? हेच शिकलास व्हय इतकी वर्सं?"

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठलो आणि तडक प्रशासकसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "साहेब, कोडोलीचं ते मी केलं होतं. अक्कांचा दोष नव्हता. तो ठपका माझा आहे. त्यामुळे त्यांचा करार थांबत असेल तर..."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अहो, ते प्रकरण कधीच बंद झालं. करार कंपनीमुळे थांबलाय, त्याचा याच्याशी काही संबंध नाही." मग जरा थांबून म्हणाले, "चहा घेणार?"

अडीच-तीन वर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरलो. तो उतरवला तर कुणाला त्याचं काहीच नव्हतं. मी चहा घेतला. गोड होता.

संध्याकाळपर्यंत अक्कांच्या कानावर गेलंच. वाटलं होतं, खूष होतील. त्या आल्या त्याच तणतणत. "कुणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला? साहेबांम्होरं मला खोटं पाडलास की! इतकी वर्सं एक शब्द खोटा बोललो न्हाई मी त्या केबिनीत."

"अक्का, पण तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी न्हवं!" त्या ओरडल्या. मग खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "बरं. थोडं तुझ्यासाठी बी." आणि पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

शेवटचा दिवस महिन्याचा शेवटचा शनिवार होता. अक्कांनी सगळी तयारी करून ठेवलेली. अकरा पेट्यांची यादी, कुठल्या भोकात कोण, कुठली वायर उंदरांनी कुरतडलेली, कुठला दिवा उगाचच पिवळा लागतो, सगळं मराठीत, स्वच्छ अक्षरात. मला शेजारी बसवलं आणि अकराही पेट्यांत माझ्या नावापुढे पंधरा लिहिलं. मी पासवर्ड टाईप करताना भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी बाहेर पडून पुन्हा आत शिरलो. चौकट. माझ्या नावाची.

इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला ती समोर होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

"अक्का, मलाच का? मी तर कोडोली तोडली होती."

"म्हणूनच. त्या दिसापासनं तू एन्टर दाबायच्या आदी दोनदा वाचतोस. मी बघतो की. कंपनीतल्या पोरांनी अजून काय तोडलं नसंल, त्यांस्नी ठाऊक न्हाई कुठं तुटतंय." मग यादी माझ्यापुढे सरकवली. "आता कामाला लाग. माझं नाव काढ."

मला आधी कळलंच नाही.

"माझं नाव काढ, तम्मा. गेलेल्या माणसाचं नाव पेटीत ठेवायचं नसतंय. कुणाच्या हाती लागलं म्हंजे?"

"सोमवारी कंपनीवाले काढतील."

"परक्यानं पुसण्यापरास तू पूस."

पंधराव्या पायरीवरून मी केलेलं पहिलं काम ते. बाळंतपणाच्या वॉर्डची पेटी. त्यांचं नाव टाईप केलं, दोनदा वाचलं, एन्टर दाबलं. नाव गेलं. लॅब. नाव गेलं. एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, ओपीडी. प्रत्येक पेटीवर त्या यादीत पेन्सिलीनं बरोबरची खूण करत होत्या. माझे डोळे भरून यायचे, अक्षरं दिसेनाशी व्हायची, तेव्हा त्या पेन्सिल उचलून धरायच्या. कोडोली झाली, औषधं देण्याच्या खिडकीची झाली. शेवटी खालची मुख्य पेटी, जिच्यासाठी त्यांनी भाकरी खात खात ते पुस्तक वाचलं होतं. तीही झाली.

"सरक," अक्का म्हणाल्या. "तपासून बघूया."

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. स्वतःचं नाव टाईप केलं. मग पासवर्ड, न बघता, सवयीनं. पेटीनं नाकारलं.

"हं," म्हणाल्या. पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड. या खेपेला एकेक अक्षर बघून. पेटीनं पुन्हा नाकारलं.

झालं होतं तपासून. दोनदा झालं होतं. पण अक्का हलल्या नाहीत. त्यांनी तिसऱ्यांदा नाव लिहायला घेतलं, अगदी सावकाश. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या आता तपासत नव्हत्या. त्या दार वाजवत होत्या.

तिसऱ्यांदा चुकलं की पेटी स्वतःच बोलणं तोडते. अक्षरं गेली, नुसता काळा पडदा उरला.

अक्का थोडा वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत बसल्या. मग उठल्या, खुर्ची टेबलाखाली सारली, डब्याची पिशवी उचलली.

"बरोबर काढलास," म्हणाल्या.

त्या जिना चढून गेल्याचं मला ऐकू येत होतं. मला उठून त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत तरी जायला हवं होतं. मी गेलो नाही. तिथेच टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडत बसलो.